मी रिकामा परत जात नाही

मला उलटा करून बघा, म्हणजे माझी ओळख पटेल. माझ्या बुडाला पांढरी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर काळ्या अक्षरांत ‘आर्लिस टोलेफ्सरुड’ असं लिहिलंय. ते माझं नाव नाही, माझ्या मालकिणीचं आहे. मला वेगळं नाव नाही आणि त्यावाचून माझं कधी अडलंही नाही. मी ओव्हनमध्ये ठेवायचा काचेचा ट्रे. लांबट, चार बोटं खोल, दोन्ही टोकांना धरायला कान. ही चिकटपट्टी मात्र माझी पहिली नाही. पहिलीचं काय झालं ते सांगतोच, कारण माझी सगळी गोष्ट तिच्यापाशी येऊन अडखळली होती.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. वितळलेल्या काचेचा लालभडक गोळा साच्यात पडला, वरून दाब आला, आणि मला आकार मिळाला. मग मला सावकाश थंड केलं. घाईने थंड केलेली काच पुढे कधीतरी तडकते, असं तिथले कामगार म्हणायचे. माझ्या बाबतीत कुणी घाई केली नाही. त्यामुळेच असेल, मला आगीची भीती वाटत नाही.

आर्लिसच्या लग्नात तिच्या आत्याने मला आहेर म्हणून दिलं. आर्लिसचा नवरा ऑर्व्हिल. मिनेसोटाच्या पश्चिमेला नोर्डाल गावाबाहेर त्यांची मक्याची आणि सोयाबीनची शेती. आत्या म्हणाली, “आधी याच्या बुडाला नाव लाव. चर्चच्या तळघरातल्या जेवणावळीत सगळ्यांचे ट्रे सारखेच दिसतात. एका ट्रेवरून बायका वर्षभर बोलत नाहीत, मी बघितलंय.” आर्लिसने त्याच दिवशी नाव लावलं.

मग माझं काम सुरू झालं. तळाला खिमा, त्यावर फरसबी आणि अळंबीचं दाट सूप, आणि सगळ्यात वर बटाट्याचे छोटे गोळे. इकडे याला हॉटडिश म्हणतात. आर्लिस ते गोळे एकामागे एक, अगदी ओळीत मांडायची.

“माझ्या मक्यापेक्षा तुझ्या बटाट्याच्या ओळी सरळ असतात,” ऑर्व्हिल म्हणायचा.

“मी काम करताना शेजाऱ्यांची शेतं बघत बसत नाही,” ती म्हणायची.

नोर्डालची माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांना दुःखाबद्दल बोलता येत नाही. कुणाचं माणूस गेलं, कुणाचं कोठार जळलं, कुणाला मूल झालं, की ती ओव्हन तापवतात. मग माझ्यासारखा एखादा ट्रे टॉवेलात गुंडाळून त्या घरी नेऊन देतात, हवापाण्याबद्दल चार वाक्यं बोलतात आणि निघतात. जे सांगायचं असतं ते सगळं ट्रेत असतं.

आणि ट्रे परत येतो तो रिकामा येत नाही. हा नियम कुणी कुठे लिहून ठेवलेला नाही. मी टोमॅटो घेऊन परत आलो आहे, अंडी घेऊन आलो आहे, जामच्या बाटल्या, शेतातली काकडी, खारवलेला मासा, सगळं घेऊन आलो आहे. एका हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद होते. शेजारच्या शेतावरची व्हर्डेल, म्हणजे आर्लिसची शाळेपासूनची मैत्रीण, तिच्या घरात तेव्हा खरोखर काही नव्हतं. तिने खिडकीतल्या जिरेनियमची एक फांदी खुडली, ओल्या कापडात गुंडाळली आणि माझ्यात ठेवून मला परत केलं. ती फांदी आर्लिसच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत अजून फुलते आहे. काय घातलं याला महत्त्व नाही. तुझी आठवण ठेवून परत करते आहे, एवढंच त्यातून कळायला हवं.

पुढे दिवस बदलले. मुलं शहरात गेली, शाळा बंद झाली. माणूस गेलं की मोठ्या गावातल्या दुकानातून पातळ पत्र्याच्या थाळ्यांत जेवण येऊ लागलं. त्या थाळ्या खाऊन झाल्या की चुरगळून फेकायच्या. त्यांच्या बुडाला कुणाचं नाव नसतं, त्यामुळे त्या परत जाण्याचा प्रश्नच येत नाही. मी खालच्या कपाटात, टर्की भाजायच्या मोठ्या भांड्याखाली पडून राहिलो. मी खचलो नाही. काच कुजत नाही, गंजत नाही. मला एवढंच ठाऊक होतं की भूक आणि शेजार या दोन गोष्टी कुठे जात नाहीत.

मला पुन्हा बाहेर काढायला ऑर्व्हिलचं हृदय कारण झालं. एका सकाळी तो टपालाच्या पेटीपाशी पत्रं आणायला गेला आणि तिथेच खाली बसला. आर्लिसने फोन केला. नोर्डालची रुग्णवाहिका गावातलीच माणसं चालवतात, बिनपगारी. त्या दिवशी ती व्हर्डेलने आणली. सत्तरी ओलांडलेली बाई चिखलातून गाडी अशी काढत गेली, की ऑर्व्हिल पुढे म्हणाला, “हृदय थांबलं असतं तर त्या धक्क्यांनीच पुन्हा चालू झालं असतं.” इस्पितळ तासाभराहून लांब होतं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं.

ऑर्व्हिल घरी आला त्या दिवशी आर्लिसने कपाटात वाकून मला बाहेर ओढलं आणि व्हर्डेलसाठी हॉटडिश केलं. व्हर्डेलने दोन दिवसांनी मला अंडी घालून परत आणलं आणि ती टेबलाशी बसली.

“आर्लिस, गाडी आता फार दिवस चालायची नाही,” ती म्हणाली.

“इंजिन गेलं?”

“इंजिन ठीक आहे. मीच थकत चाललेय. फोन उशाशी घेऊन झोपते, एवढी वर्षं. माझ्याबरोबर फक्त तो चर्चमधला ऑर्गन वाजवणारा उरलाय, आणि त्याला अंधारात दिसत नाही. बिनपगारी यायला आता तरणं माणूसच गावात नाही. पुढच्या वर्षी नवा चालक मिळाला नाही तर गाडी बंद.”

आर्लिसने खिडकीतून बाहेर बघितलं. ऑर्व्हिल अंगणात बर्फाखालून निघालेली जुनी पानं हळूहळू ओढत होता. तिने विचारलं, “कॉफी घेणार?”

त्याच उन्हाळ्यात निवडणुकीचा प्रचार सुरू झाला. आमचा मतदारसंघ एवढा पसरलेला आहे की उमेदवार मोठी गावं करतात आणि नोर्डालवरून नुसते गाडीतून जातात. आमचा आधीचा खासदार तर आम्हाला फक्त पोस्टाने भेटायचा. आणि एका दुपारी स्वयंपाकघराच्या दारावर टकटक झाली. हे महत्त्वाचं आहे, स्वयंपाकघराच्या. पुढचं दार आमच्याकडे कुणी वापरत नाही, त्याच्यामागे आर्लिसचा फ्रीजर आहे.

“मी लिनेट हाउगेन. खासदारकीला उभी आहे.”

“माहितीय. वरच्या बाजूच्या गुरांच्या डॉक्टर. आत या, माशा शिरतायत.”

लिनेट रुंद खांद्यांची, पन्नाशीकडे झुकलेली बाई. अडलेल्या गाईंची वासरं ओढून काढणारे तिचे हात बघितले की कळायचं, ही कामाची आहे. पण ती ज्या पक्षाची, त्याला नोर्डालने कित्येक वर्षांत मत दिलेलं नव्हतं. तिच्या विरोधी पक्षाची गावातली प्रमुख आमची व्हर्डेलच होती.

ऑर्व्हिल म्हणाला, “आमच्याकडे आता गाई नाहीत, डॉक.”

“मतं तर आहेत ना?”

“आहेत. पण ती आजारी नाहीत.”

लिनेट हसली. तिने कॉफी घेतली, इथे काय अडलंय म्हणून विचारलं. ऑर्व्हिल पावसाबद्दल बोलू लागला. आर्लिसने त्याला मध्येच थांबवलं आणि रुग्णवाहिकेचं सांगितलं, सगळं, टपालाच्या पेटीपासून. लिनेटने वचन दिलं नाही. गाडी कोण चालवतं, प्रशिक्षण कुठे मिळतं, असं विचारत राहिली.

“जेवलात का तुम्ही?” आर्लिसने विचारलं.

“गाडीत चिप्स खाल्ले.”

आर्लिसने मला ओव्हनमधून काढलं. निळ्या चौकड्यांच्या टॉवेलात गुंडाळलं आणि लिनेटच्या हातात दिलं. “रस्त्यात खा. बरोबरच्या माणसांना दे. ट्रे सावकाश आला तरी चालेल.” ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते तिलाही कळलं नसावं.

गाडी गेल्यावर ऑर्व्हिल म्हणाला, “माझं जेवण गेलं.”

“तुला सँडविच करते.”

“आणि आता तिला मत द्यावं लागेल.”

“जेवण जेवणाच्या जागी आणि मत मताच्या जागी. आधी ट्रे परत येऊ दे.”

मी असा निवडणुकीच्या प्रचारात शिरलो.

प्रचाराचं कार्यालय ग्रॅनाइट बेंड या मोठ्या गावात होतं. तिथली सगळी सूत्रं टेसाच्या हातात होती. टेसा मिनिआपोलिस शहरातली, हुशार, दिवसभर उभ्याने काम करणारी. तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. सगळ्यांनी मिळून हॉटडिश संपवलं तेव्हा ट्रे घासायला तीच उठली. तिने मला इतकं मनापासून घासलं की मी पुन्हा कारखान्यातून निघाल्यासारखा दिसू लागलो. आणि घासता घासता तिला बुडाची ती जुनी, पिवळी पडलेली चिकटपट्टी दिसली. तिला तो मळ वाटला. गरम पाण्यात भिजवून तिने ती नखाने सोलून काढली.

मग काही दिवस माझ्यात पेनं होती.

लिनेटने एकदा रस्त्यातून फोन केला. “टेसा, तो ट्रे नोर्डालला आर्लिसकडे पाठव. आणि हो, रिकामा पाठवू नकोस.”

“रिकामा नाही पाठवणार,” टेसा म्हणाली.

लिनेटने एवढंच सांगितलं. रिकामा पाठवायचा नाही म्हणजे काय घालून पाठवायचं, हे तिच्या भागातल्या लोकांना लहानपणापासून माहीत असतं, त्यामुळे ते वेगळं सांगावं लागतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. टेसाने विचार केला आणि माझ्यात प्रचाराची पत्रकं रचली. काठोकाठ. प्रत्येकावर लिनेटचा हसरा चेहरा. कडेला मोटारीला चिकटवायचे स्टिकर खोचले. निळ्या टॉवेलाची घडी वर ठेवली आणि नोर्डालच्या बाजूला जाणाऱ्या एका कार्यकर्त्याच्या गाडीत मला बसवलं. त्याने मला आर्लिसच्या पुढच्या दाराच्या पायरीवर ठेवलं, घंटा वाजवली आणि कुणी येईना म्हणून तो निघून गेला.

पुढच्या पायरीवर मी दुसऱ्या दिवसापर्यंत होतो. व्हर्डेल अंडी घेऊन येत होती, तिला मी रस्त्यावरूनच दिसलो. तिने मला उचललं, आत डोकावून बघितलं, आणि वळसा घालून स्वयंपाकघरात आणलं.

“आर्लिस, तुला कुणीतरी जेवण पाठवलंय,” ती म्हणाली. “जरा कोरडं वाटतंय.”

आर्लिसने पत्रकं बघितली. ती एकेक गठ्ठा काढून टेबलावर ठेवत गेली. मग तिने मला उलटं केलं. जिथे पट्टी असायची तिथून तिने अंगठा फिरवला. तिथे आता काहीच नव्हतं, नुसती गुळगुळीत काच. ती पट्टी तिने लग्नाच्या वर्षी लावली होती.

“नाव काढलंय,” ती म्हणाली.

व्हर्डेलची थट्टा तिथे संपली. तिने पत्रकावरच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, “जिला शेजारणीचं भांडं नीट परत करता येत नाही, ती वॉशिंग्टनहून आपल्यासाठी काय घेऊन येणार?”

नोर्डालमध्ये वर्तमानपत्र येत नाही, त्याची गरजही नाही. संध्याकाळपर्यंत हे वाक्य धान्याच्या कोठारावर पोचलं होतं, पेट्रोलपंपावर पोचलं होतं. आणि ते वाक्य मोठं अवघड होतं, कारण ते ट्रेबद्दल नव्हतं. आमचं मत घेऊन जाईल आणि स्वतःचं काम झाल्यावर विसरेल, हे लोकांनी आजवर प्रत्येकाच्या बाबतीत बघितलं होतं. मी त्याचा पुरावा झालो होतो. एवढ्या वर्षांत मला स्वतःची लाज वाटली असेल तर ती तेव्हा.

लिनेट पुढच्या आठवड्यात आमच्या बाजूला फिरायला आली. दारं उघडली जात होती, पण उंबऱ्याच्या आत कुणी बोलवत नव्हतं. सगळे हवेबद्दल बोलत होते. शेवटी ती धान्याच्या कोठारावर ऑर्व्हिलला भेटली. काय झालं ते ऑर्व्हिलने जेवताना सांगितलं, म्हणून मला कळलं.

“मी विचारलं, डॉक, हॉटडिश कसं होतं? ती म्हणाली, उत्तम. मी म्हटलं, तुमची पत्रकं नीट शिजली नव्हती.”

“असं म्हणालास तू?” आर्लिसने विचारलं.

“मग तिला समजेना, म्हणून सगळं सांगितलं. चिकटपट्टीचंसुद्धा.”

“तू एवढं बोललास?”

“थकलो,” ऑर्व्हिल म्हणाला. “बटाटे इकडे दे.”

दुसऱ्या सकाळी लिनेट दारात होती. स्वयंपाकघराच्या. ती आत आली नाही.

“आर्लिस, मला तो ट्रे द्या. रिकामा.”

“का? अजून पत्रकं उरलीत?”

“मला तो परत करायचाय. एकदा येऊन गेला, पण ते धरू नका.”

आर्लिस बराच वेळ भांडी पुसत राहिली. लिनेट दारात उभी राहिली, तिने दुसरं काही सांगितलं नाही, टेसाचं नावही घेतलं नाही. मला ते आवडलं. शेवटी आर्लिसने मला पुसलं आणि तिच्या हातात दिलं.

“शनिवारी चर्चमध्ये कापणीचं जेवण आहे. त्याच्या आत मला हा लागेल.”

गाडीत टेसा वाट बघत होती. लिनेटने मला तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, “शुक्रवारचं शहरातलं जेवण रद्द कर.”

“रद्द? लिनेट, ती माणसं आपल्या प्रचाराला पैसा देतात. एका ट्रेसाठी रद्द?”

“ट्रेसाठी नाही.”

“मग कशासाठी?”

“तू मिनिआपोलिसमध्ये शेजाऱ्याकडून कधी काही घेतलंयस?”

टेसाने जरा विचार केला. “इंटरनेटचा पासवर्ड.”

“तो परत केलास?”

टेसा हसली नाही. माझ्या काठावर बोट फिरवत ती म्हणाली, “तू म्हणालीस रिकामा नको. मला वाटलं मी बरोबर केलं. पट्टीसुद्धा मीच काढली. ती घाण नव्हती का?”

“नव्हती. पण चूक माझी आहे,” लिनेट म्हणाली. “मला वाटलं हे सगळ्यांना माहीत असतं. शुक्रवारी माझ्याकडे ये. सफरचंदं सोलायला कुणीतरी हवंय.”

लिनेटच्या परसात रानटी सफरचंदाचं झाड होतं, लहान, आंबट फळांचं. महिनोनमहिने प्रचारात फिरल्याने घरातले डबे रिकामे होते. होती तेवढी साखर तिने घातली, ओट, पीठ आणि लोणी यांचा चुरा वर पसरला आणि मला ओव्हनमध्ये सारलं. मग फोन आला. शुक्रवारच्या जेवणाचे यजमान होते, रागावलेले. ती त्यांना समजावत होती, आणि माझ्या कडेने चुरा काळा पडत होता. मला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं.

टेसाने धुराचा वास येताच धावत येऊन मला बाहेर काढलं. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

“दुकानातून आणूया एखादा केक?” टेसाने विचारलं.

“नको. जे झालंय ते झालंय. हाताने केलंय.”

ते निवल्यावर लिनेटने आपल्या डॉक्टरी पिशवीतून पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं. टेसाने मला दोन्ही हातांनी उंच धरलं आणि लिनेटने खालून पट्टी दाबून बसवली. मग वाकून, मान वर करून तिने नाव लिहिलं. “गाईच्या खुराला लावते ही,” ती म्हणाली. “शेणात टिकते. साबणात टिकेल.”

शनिवारी सकाळी आर्लिसने चमचा घेऊन एक कोपरा खाल्ला. ऑर्व्हिल तिच्या तोंडाकडे बघत होता.

“साखर?” आर्लिसने विचारलं.

“घरात होती तेवढी,” लिनेट म्हणाली.

“आणि या कडा?”

“फोन आला होता.”

“कुणाचा?”

“काल ज्यांच्याकडे जेवायला जायचं होतं, त्यांचा.”

आर्लिसने दुसरा चमचा घेतला. मग मला डोक्याच्या वर उचलून तिने खालून बघितलं. पट्टी बघितली, नाव बघितलं. ऑर्व्हिलही वाकला. “अक्षर डॉक्टरांचं आहे,” तो म्हणाला, “पण वाचता येतंय.”

“जेवणाच्या वेळी मला तिथे थोडं बोलता येईल का?” लिनेटने विचारलं. “रुग्णवाहिकेबद्दल. दोन मिनिटं.”

“नाही. तळघरात भाषण होत नाही. पाद्रीसुद्धा बोलायचं ते वर बोलतो. खाली जेवतात.” आर्लिसने खुंटीवरचा अॅप्रन काढून तिच्या अंगावर टाकला. “रस्सा वाढायला ये.”

कापणीच्या जेवणाला सगळं नोर्डाल येतं, कुणीही कुठल्याही पक्षाचं असो. लांब टेबलापाशी थाळी घेऊन रांग लागते. कुस्करलेले बटाटे वाढायला व्हर्डेल उभी होती आणि तिच्या शेजारची जागा, रश्शाची, आर्लिसने लिनेटला दिली होती. हे तिने मुद्दाम केलं होतं हे मी शपथेवर सांगेन. मी गोडाच्या टेबलावर होतो, मला सगळं दिसत होतं.

व्हर्डेलने लिनेटला वरपासून खालपर्यंत बघितलं. “आज पत्रकं आणली नाहीत?”

“नाही. आज सफरचंदं आहेत. थोडी जळलीत.”

“माझं मत तुला नाही.”

“माहितीय. थाळी पुढे करा, बटाट्याला खळगा नीट करत नाही तुम्ही, रस्सा वाहून जातोय.”

रांगेतला एक म्हातारा खो खो हसला. व्हर्डेलला बटाट्यावरून कुणी बोललं नव्हतं आजवर. तिने पुढच्या थाळीत नीट खोल खळगा केला आणि म्हणाली, “बरं, मग ऐक. मत नाही, तरी ऐक.” आणि वाढता वाढता तिने सांगायला सुरुवात केली. उशाशी फोन, अंधारात न दिसणारा ऑर्गनवाला, तरुण माणूस पगाराशिवाय का थांबत नाही. पुढून जाणारा प्रत्येक जण त्यात आपलं काहीतरी घालत गेला. कुणी म्हणालं माझी सून गाडीतच बाळंत झाली असती. कुणी म्हणालं मी शिकायला तयार आहे, पण दुपारची नोकरी सोडली तर घर कसं चालवू. रांग पुढे सरकायला वेळ लागला, रस्सा निवत गेला आणि त्याबद्दल कुणी कुरकुर केली नाही. लिनेटने एकदाही ‘मी करून दाखवीन’ असं म्हटलं नाही. ती प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारत होती आणि पळी बुडवत होती. शेवटी म्हणाली, “चालकांना पगार मिळायला हवा, आणि तो वॉशिंग्टनहून यायला हवा. मी हे घेऊन जाते.”

“घेऊन सगळेच जातात,” व्हर्डेल म्हणाली.

माझ्यातली सफरचंदं आंबट होती. लोक पहिला घास घेत, डोळे बारीक करत आणि खात राहत. जळक्या कडासुद्धा कुणी सोडल्या नाहीत. निघायच्या वेळी माझा तळ दिसत होता.

लिनेट निवडून आली, अगदी थोड्या मतांनी. नोर्डालमध्ये ती हरली, पण तिच्या पक्षाचं कुणी इतक्या कमी मतांनी इथे कधी हरलं नव्हतं, आणि एवढ्यानेच निकाल फिरला. व्हर्डेलने मत कुणाला दिलं ते ती सांगत नाही. कुणी फारच विचारलं तर बटाट्याचं बोलते.

वॉशिंग्टनला जाण्याआधी लिनेट निरोप घ्यायला आली, तेव्हा आर्लिसने मला भरलं. खिमा, फरसबी, वर बटाट्याच्या सरळ ओळी. निळ्या टॉवेलात बांधलं.

“सावकाश परत कर,” ती म्हणाली.

“काय घालून आणू?” लिनेटने विचारलं.

आर्लिसने खिडकीतून बाहेर बघितलं. ऑर्व्हिल टपालाच्या पेटीकडे निघाला होता, हळूहळू, मध्येच थांबत.

“ते तुला माहीत आहे,” ती म्हणाली.

आता मी वॉशिंग्टनमध्ये, लिनेटच्या कार्यालयातल्या उंच फळीवर असतो. आजूबाजूला पदकं आहेत, चौकटीतले फोटो आहेत. येणारे मोठे लोक माझ्याकडे बघून विचारतात, हा इथे कशाला? टेसाही इथेच आहे. परवा एका पाहुण्याने आपली छत्री माझ्यात ठेवायला हात वर केला. टेसा टेबलावरून उठली. “त्यात नको,” ती म्हणाली. “तो नोर्डालचा आहे.”

गावातल्या रुग्णवाहिकांच्या चालकांना पगार द्यायचा मसुदा लिनेटने मांडलाय. समितीतून तो पुढे सरकला, आता सभागृहात यायचाय. तो मंजूर झाला की मी परत जाणार, तोवर इथे. कधीकधी फार वादावादी झाली की ती कार्यालयात येते, मला फळीवरून काढते, उलटा करते, नाव वाचते आणि परत ठेवते. बोलत काही नाही. तीही आमच्याच भागातली.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्याही फळीवर कुणाचं तरी भांडं असेल, एकदा उलटं करून बघा. नाव दिसलं तर काढू नका. आणि जमेल तेव्हा, जमेल ते घालून परत करा. थोडं आंबट झालं तरी माणसं खातात.

माझी काळजी नको. व्हर्डेलच्या उशाशी फोन अजून आहे आणि ऑर्व्हिल रोज टपालाच्या पेटीपर्यंत जाऊन येतो. तोवर मला दम धरता येतो, मी सावकाश थंड केलेली काच आहे. एकदा पत्रकं घेऊन गेलो होतो, ते मी धरत नाही. माझ्याखाली निळ्या चौकड्यांचा टॉवेल धुऊन, घडी घालून ठेवलेला आहे. ज्या दिवशी लिनेट ती घडी उलगडेल, त्या दिवशी आर्लिसच्या स्वयंपाकघराचं दार मला रस्त्यावरूनच दिसेल.